फ्लोटचं वजन

“आला! बघा ताई, आला!”

दस्तगीर मिस्त्री एवढ्या जोरात ओरडला की माझ्या हातातला चिमटा हलला. चिमट्यात जर्दाळूएवढी एक पोकळ पितळी डबी होती आणि ती मी गरम पाण्याच्या बीकरमध्ये बुडवून धरली होती. डबीच्या सांध्यापाशी मोहरीएवढा बुडबुडा फुगला, सुटला, वर गेला. मागोमाग दुसरा.

मगदूम सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते बीकरवर वाकले.

“छिद्र आहे,” ते म्हणाले. शोध आत्ताच लागावा तसे.

“मी सोमवारपास्नं दुसरं काय म्हणतोय सर? फ्लोट फुटलाय. आत पेट्रोल शिरतंय, तो जड हुतोय, बुडतोय. पाण्याच्या टाकीतला चेंडूच बुडाला तर नळ बंद कसा हुणार? कार्बुरेटर भरून वाहणारच.”

“तत्त्व मला माहीत आहे, दस्तगीर. मी ते शिकवतो.”

“तसं न्हवं सर...”

“आतली हवा तापली, प्रसरण पावली, तेव्हा कुठे बुडबुडा दिसला. थंड पाण्यात दिसला नसता. बरोबर ना, पोतदार मॅडम?”

“हो सर,” मी म्हणाले. गरम पाण्याची कल्पना माझी होती, पण ते सांगायची वेळ निघून गेली होती.

चौऱ्याऐंशी सालचा मार्च. विट्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे आणि मगदूम सर पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख होते. त्यांची आकाशी रंगाची टू-स्ट्रोक स्कूटर बारा वर्षांची झाली होती. नंबर लावल्यावर सात वर्षांनी मिळालेली, म्हणून तिच्यावर त्यांचा जीव. ती नेहमी आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीखाली सावलीत असायची, आणि दहा दिवसांपासून तिच्याखाली पेट्रोलचा डाग पसरत होता. प्राचार्यांनी वासावरून फर्मान काढलं की स्कूटर दुरुस्त होईपर्यंत रसायनशास्त्रात कुणी बर्नर पेटवायचा नाही. स्कूटर हलवा, असं मात्र ते म्हणाले नाहीत. सर त्यांच्याहून ज्येष्ठ होते.

सरांची निकड निराळी होती. महिनाभरावर मुलीचं लग्न आलं होतं आणि आमंत्रणं करायला नांद्रे, समडोळी, पलूस, आष्टा अशी गावं फिरायची होती. कोल्हापूरच्या दुकानदाराने कळवलं होतं की हे मॉडेल बंद झालं, फ्लोट कारखान्यातून मागवावा लागेल, दोन-तीन महिने धरून चाला.

“डाख द्यायचा, भोक झाळून बुजवायचं,” दस्तगीर म्हणाला. “पर माझ्या हातनं न्हाई जमायचं. पत्रा कागदासारखा. जरा ऊब जास्त झाली की बाकीचे सांधे बी सुटतील. ह्याला नाजूक हात पायजे. सोनाराचा.”

तो सहज माझ्याकडे बघायला गेला आणि मध्येच त्याला काहीतरी आठवलं. मग तो उगाचच माझा बीकर फडक्याने पुसायला लागला.

सरांनी चष्मा खाली घेतला. “गावात सोनार काय एकच आहे?”

“न्हाई सर. पुष्कळ हायेत की.”

माझे वडील, अण्णा, त्या पुष्कळांपैकी एक होते.

अकरा वर्षांपूर्वी, मी तेरा वर्षांची असताना, मगदूम सरांच्या पत्नीच्या पाटल्यांचा सांधा सुटला होता. पाटल्या अण्णांकडे आल्या. अण्णांनी डाख दिला, जिन्नस उजळला, परत केला. दुसऱ्या दिवशी सर वर्षभरापूर्वी घेतलेल्या स्कूटरवरून दुकानापुढे उतरले. हातात कॉलेजचा छापील कागद. पाटल्या देण्याआधी त्यांनी कॉलेजच्या तराजूवर तोलल्या होत्या, आणल्यावर पुन्हा तोलल्या होत्या. मी पायरीवर गृहपाठ करत होते.

“साठ मिलिग्रॅमची तफावत आहे, पोतदार.” चोरी हा शब्द त्यांनी वापरला नाही.

“मळ गेला असंल, सर. डाख दिल्यावर जिन्नस उजळावा लागतो.”

“साठ मिलिग्रॅम मळ? आमच्या घरात लोक रोज आंघोळ करतात.”

रस्त्यावर उभी असलेली माणसं हसली. सर हसले नाहीत. ते विनोद करत नव्हते, निरीक्षण नोंदवत होते. “आणि डाखाचं वजन वर पडलं असणार. ते धरलं तर तफावत आणखी मोठी.”

अण्णांच्या तराजूला तेव्हा गुंजेच्या खालचं दिसत नव्हतं. साठ मिली म्हणजे अर्धी गुंज. त्यांच्याकडे उत्तर द्यायला मापच नव्हतं. मगदूम गेले, आणि मगदूमांच्या मागोमाग त्यांच्या गल्लीतली चौदा घरं गेली. सोनार सख्ख्या आईचं सोनंही सोडत नाही, हे लोकांनी ऐकलेलं असतंच. त्याला फक्त कॉलेजचा छापील कागद मिळायचा होता.

त्या वर्षी अण्णांनी काचेच्या पेटीतला, दहा मिलीपर्यंत दाखवणारा तराजू मिरजेहून आणला. तेव्हापासून दुकानाचा रिवाज ठरला. जिन्नस आला की गिऱ्हाइकासमोर तोलायचा, आकडा मोठ्याने वाचायचा. गेला की पुन्हा तोलायचा, पुन्हा वाचायचा. दोन्ही वजनं चिठ्ठीवर. आणि भाव काय असेल तो असो, कामात सोनं झिजतं त्याची घट लावायची नाही. उलट गुंजभर वरच द्यायचं. आई आतून म्हणायची, “वाटा गुंजा गावाला. हळदीकुंकू असल्यासारख्या.”

अण्णा म्हणायचे, “जास्त दिलेल्याला कुणी बोट लावत नाही.”

बुधवारी दुपारी दस्तगीर आमच्या दुकानात आला. पायरीवर चपला काढल्या, खिशातून रुमाल काढला, रुमालातून फ्लोट.

“मगदूम सरांचा हाय,” तो म्हणाला, आणि पुढचं एका दमात, “त्यांच्या सोनाराकडं गेलो हुतो. तो म्हणला, मी पितळंला हात लावत न्हाई. मग सरांच्या घरच्या काकींनी सांगितलं, पोतदारांकडं जा. सर काय बोलले न्हाईत. न्हाई बी म्हणले न्हाईत.”

अण्णांनी रुमालासकट फ्लोट पुढे ओढला.

“आनि अण्णा, माझं नाव सांगू नका, पर काकी म्हणत हुत्या, पोरीच्या लग्नाला त्यांच्या पाटल्या मोडून बांगड्या करायच्यात. हे नीट झालं तर पाटल्या पोतदारांकडंच देणार. सरांसमोर म्हणल्या.”

“सर काय म्हणाले?”

“पेपर वाचत हुते.”

“हं.” अण्णांनी फ्लोट उचलला, नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं. “वसू, ह्यात पेट्रोल आहे का? माझ्या तोंडाशी दिवा असतो.”

“नाही अण्णा. दोनदा गरम पाण्यात धरून सगळं काढलंय.”

त्यांनी फ्लोट तराजूत ठेवला, पेटीचं दार लावलं, काटा स्थिर व्हायची वाट बघितली. “सहा ग्रॅम दोनशे चाळीस.” दस्तगीरने देवळात आरती ऐकावी तशी मान डोलावली.

चांदीचा डाख दिला असता तर मूळचे सांधे सुटले असते, म्हणून कथील. अण्णांनी दिवा पुढे ओढला, फुंकणी ओठांत धरली. भोक सुईच्या टोकाएवढं. ते पाचेक मिनिटांत बुजलं असावं. पण अण्णा थांबले नाहीत. त्यांनी आधी भोकाच्या दोन्ही बाजू मढवल्या, मग सांध्याची वरची कड, मग खालची. फ्लोट फिरत राहिला आणि त्याच्याभोवती चकचकीत गोठ चढत राहिला, नववधूच्या मनगटातल्या गोठासारखा. कथलाला मोल ते काय.

“काय केलंत हो अण्णा!” दस्तगीर म्हणाला. “इंजनात कुठं घालू ह्याला? गळ्यात घालावं असं झालंय.”

“मगदूमांच्या घरी जायचाय. पुन्हा गळला असं कुणी म्हणता कामा नये.” त्यांनी तोलला, वाचला. “सात ग्रॅम नव्वद. बघ काटा. बघितलास? ही चिठ्ठी सरांना दे. दोन्ही वजनं आहेत म्हणावं.”

गुरुवारी सकाळी फ्लोट बसला. दुपारी स्कूटरखालचा डाग आदल्या दिवशीच्या डागापेक्षा जरा मोठा होता.

शिक्षकांच्या खोलीत मी जर्नलं तपासत होते. सर इंग्रजीच्या प्राध्यापकांशी बोलत होते. त्यांचा आवाज नेहमीचाच, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

“पोतदारांकडून करून घेतलं. गळतंय. जुना अनुभव आहेच.”

इंग्रजीच्या प्राध्यापकांनी डोळ्यांनी माझ्याकडे खूण केली. सरांनी वळून पाहिलं. “मॅडम, व्यक्तिशः घेऊ नका. मी निरीक्षण सांगतोय.”

“हो सर,” मी म्हणाले आणि एका मुलीच्या जर्नलमध्ये बरोबर उत्तरावर चूक अशी खूण केली. नंतर खोडून दुरुस्त केली. मी असं कधी करत नाही.

शुक्रवारी दस्तगीरने चिंचेखाली गोणपाट अंथरलं आणि कार्बुरेटरचा तुकडा न् तुकडा सुटा केला. पेट्रोलचा रस्ता बंद करणारी सुई बदलली. सुई बसते ती जागा घासून गुळगुळीत केली. वॉशर नवे. बसवलं, गळलं. पुन्हा सोडवलं. मधल्या सुट्टीत मी खाली गेले तेव्हा तो स्टीलच्या वाटीत पेट्रोल घेऊन त्यात फ्लोट सोडून बसला होता.

“सांगा ताई, ह्यात माझी चूक कुठं हाय? गरम पाण्यात घालून बघितला, बुडबुडा न्हाई. हा बघा पेट्रोलमधी, बुडत न्हाई. अण्णांचा डाख एक लंबर. सर म्हणत्यात डाख फुटला. कुठं फुटला दाखवा म्हणलं तर म्हणत्यात, फुटलाच असणार, पोतदारांनी दिलाय.” मग त्याने जीभ चावली. “म्हंजे... तसं न्हवं.”

मी उकिडवी बसले. फ्लोट तरंगत होता, यात शंका नव्हती. त्याच्या पितळेवर एक तपकिरी रेघ होती. बारा वर्षं पेट्रोल जिथपर्यंत यायचं तिथपर्यंतची. अण्णांनी सांधा मढवला होता, पण ती रेघ तशीच राहिली होती.

रेघ पेट्रोलच्या खाली होती. गव्हाच्या दाण्याएवढी खाली.

“दस्तगीर, अण्णांनी चिठ्ठी दिली होती. सरांना दिलीस?”

“चिठ्ठी...” तो आठवायला लागला. मग हत्यारांच्या डब्यातून त्याने चार घड्या घातलेला, तेलकट कागद काढला. “ती व्हय. ठिणगीच्या पॉइंटमधलं अंतर मापायला घेतली हुती. लई बेस जाडी हुती तिची.”

कागद उलगडला. अण्णांच्या गोल अक्षरात: आत ६.२४०. बाहेर ७.०९०.

मी फ्लोट पुसून वर नेला आणि रसायनशास्त्राच्या तराजूवर ठेवला. तोच तराजू, अकरा वर्षांपूर्वी सरांनी पाटल्या त्याच्यावरच तोलल्या होत्या. आज त्या खोलीत इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे, पण तो जुना अजून कपाटात आहे आणि अजून खरं बोलतो. ७.०८९६. अण्णांचा आकडा बरोबर होता. साडेआठशे मिली कथील चढलं होतं. सहा ग्रॅमच्या फ्लोटवर. तो बुडत नव्हता, नुसता खोल बसत होता. आणि तो वर येऊन सुईला ढकलेपर्यंत पेट्रोल काठावरून वाहत होतं.

सगळं त्या चिठ्ठीवर बुधवारपासून लिहिलेलं होतं.

चार वाजता मी घरी न जाता दुकानात गेले.

“अण्णा, फ्लोटवरचा डाख जास्त झालाय.”

ते हसले. “जास्त? कमी झाला म्हणायला आलीस का?”

“जास्त. तो हलका असावा लागतो. जड झाला की खोल बसतो. खोल बसला की पेट्रोल वेळेवर बंद होत नाही. तुमचा सांधा पक्काच आहे. वजनाने गळतंय.”

त्यांनी फुंकणी खाली ठेवली. 

“म्हणजे कमी दिलं तर चोर,” ते म्हणाले, “आणि जास्त दिलं तर गळका.”

“कानस मारून थोडं उतरवा. दहा मिनिटांचं काम आहे. मी नेऊन देते.”

“नाही.”

“अण्णा, कथील आहे.”

“काय आहे ते मला कळतं. गिऱ्हाइकाच्या जिनसाला कानस लावून त्याच्या माघारी वजन उतरवायचं? जे केलं नाही त्यासाठी अकरा वर्षं मान खाली घालून बसलो. आता ते करू? आणि मग तुझ्या सरांनी तोलला, तर? त्यांच्याकडे तराजू आहे.” तराजू हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू सरांनी कुत्रा पाळला होता. “त्यांना सांग, समोर येऊन बसा. समोर उतरवीन. नाहीतर गळू दे.”

“पाटल्या यायच्यात ना?” आई आतून म्हणाली.

“पाटल्या आल्या नाहीत तरी चालतील.”

ते खोटं होतं. दस्तगीर येऊन गेल्यापासून त्यांनी बांगड्यांचा साचा दोनदा पुसून ठेवला होता.

शनिवारी सकाळी मी सरांच्या टेबलापाशी गेले. विभागप्रमुखाला प्लवन समजावून सांगायची माझी हिंमत नव्हती. मी फक्त चिठ्ठी उलगडून ठेवली आणि विचारलं, “सर, दुरुस्तीच्या आधी आपण फ्लोटचं वजन घेतलं होतं का?”

सरांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. टेबलावर बोटाने काहीतरी आकडेमोड केली. त्यांच्या मागच्या फळ्यावर बारावीसाठी काढलेली आकृती होती: पाण्यात अर्धा बुडालेला ठोकळा, वर बाण, खाली बाण.

“मला कालच शंका आली होती,” ते म्हणाले.

“हो सर. अण्णा म्हणतात, वजन उतरवायचं तर तुमच्यासमोरच.”

“माझ्यासमोर कशाला? मी काय...” ते थांबले. चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली. “किती वाजता?”

दुपारी दोन वाजता दस्तगीर स्कूटर ढकलत पुढे आणि सर मागून चालत आले. आमच्या पायरीवर ते अकरा वर्षांत चढले नव्हते. पायरी तेव्हापेक्षा उंच झाल्यासारखे ते जपून चढले.

“या सर. बसा.”

“बसतो.”

ऊन मी म्हणत होतं. सरांनी वर पाहिलं. अण्णा म्हणाले, “पंखा बंद ठेवावा लागेल सर. कीस उडतो.” सरांनी मान हलवली आणि रुमाल काढला.

अण्णांनी गुडघ्यावर पांढरा कागद पसरला. फ्लोट तोलला. “सात ग्रॅम नव्वद. बघा.”

“बघितलं.”

बारीक कानस गोठावरून फिरायला लागली. आवाज कसा, तर उंदराने पापड खावा तसा. कागदावर राखाडी धूळ पडत होती.   दहा-बारा फेऱ्या झाल्या की ते थांबायचे, तोलायचे, आकडा वाचायचे, सर “हं” म्हणायचे. सहा नऊशे. सहा सातशे पन्नास. सहा साडेपाचशेला दस्तगीरने फ्लोट नेऊन बसवून पाहिला. स्कूटरखाली वर्तमानपत्र अंथरलं. एक थेंब पडला, मग बऱ्याच वेळाने दुसरा.

“कमी आलंय. अजून उतरवा अण्णा.”

सहा चारशे. दस्तगीरने पुन्हा बसवला, कागद बदलला, पेट्रोलचा कॉक उघडला. आम्ही चौघं, कारण आईही आता दारात आली होती, एका वर्तमानपत्राकडे बघत उभे राहिलो. पाच मिनिटं झाली. सरांनी घड्याळ लावून दहा होऊ दिली. दस्तगीरने कागद उचलून उन्हात धरला.

“घ्या! थेंब न्हाई. वाचून घ्या पायजे तर.”

त्याने किक मारली. स्कूटर दोनदा खोकली आणि सुरू झाली. निळा धूर थेट आमच्या दुकानात शिरला आणि आईने पदर नाकाला लावला. मला वाटलं, संपलं.

अण्णा मात्र जागेवर बसले होते. कागदावरचा कीस त्यांनी पिसाने गोळा केला, तराजूच्या पारड्यात ओतला, पेटीचं दार लावलं.

“सहाशे ऐंशी,” ते म्हणाले.

“सहाशे नव्वद यायला हवेत,” सर म्हणाले. “सात शून्य नव्वद वजा सहा चारशे. दहा मिलिग्रॅमची तफावत आहे.”

ते सवयीने बोलले होते. वर्गात कुणाचाही आकडा चुकला की ते असंच म्हणायचे, त्याच आवाजात. पण शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना ते ऐकू आले असावेत. कारण रुमाल घामाकडे नेता नेता त्यांचा हात मध्येच थांबला.

 बाहेर दस्तगीरने स्कूटर बंद केली.

अण्णांनी कानस उचलली आणि कागदावर हळू आपटली. थोडी धूळ पडली. ती पारड्यात टाकली. काटा जेमतेम हलला. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. बोटांची टोकं राखाडी झाली होती. घामाने कथील कातडीच्या रेघारेघांत बसलं होतं.

“धुऊन देऊ?” अण्णांनी विचारलं.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बोटांकडे पाहिलं. तेव्हा बीकरकडे पाहिलं होतं तसं, अगदी जवळून.

“नको,” ते म्हणाले. “हाताला लागतंच.”

अण्णांनी कीस कागदात बांधला, वर ६८० लिहिलं आणि पुडी पुढे केली.

“कथील तुमचं आहे, पोतदार. मी काय करू ह्याचं?”

“तुमच्या जिनसातून उतरलंय. घेऊन जावा.”

सरांनी पुडी खिशात ठेवली. जाताना पाटल्यांचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही. आई म्हणाली, “दहा मिली, मेलं! आता पुन्हा गावभर.” अण्णांनी उठून साबणाने हात धुतले. बराच वेळ धुतले.

सोमवारी मी कॉलेजात लवकर गेले. प्रयोगशाळेत बर्नर पेटवायची आता परवानगी होती. आत गेले तर सिंकपाशी मगदूम सर पाठमोरे उभे होते, बाह्या कोपरापर्यंत वर. दात घासायच्या जुन्या ब्रशने ते काहीतरी घासत होते. शेजारी माझा सोड्याचा डबा आणि तोच बीकर, कोमट पाण्याने भरलेला.

“पोतदार मॅडम,” ते न वळता म्हणाले, “तराजूच्या खोलीची किल्ली लागेल. मघाशी शिपायाने उघडून दिली होती, पुन्हा एकदा.”

मी दिली.  ते गेल्यावर बीकर आवरायला घेतला. पाणी गढूळ होतं. तळाशी पांढरट गाळ बसला होता. मी ते ओतून टाकलं नाही; तास सुरू होईपर्यंत तसंच ठेवलं.

संध्याकाळी पाच वाजता आकाशी स्कूटर आमच्या दुकानापुढे थांबली. सर उतरले, कॉक बंद केला, खाली वाकून डाग आहे का पाहिलं. नव्हता. मग वर आले आणि बाकावर बसून रुमालाची गाठ सोडली. पाटल्या दिव्याखाली पिवळ्याधमक दिसत होत्या.

“मुलीच्या बांगड्या करायच्यात,” ते म्हणाले. आणि कॉलेजचा छापील कागद पुढे केला. “दोन वजनं आहेत. वरचं धुण्याच्या आधीचं. खालचं नंतरचं.”

अण्णांनी चष्मा लावला, कागद दिव्याजवळ नेला.

“चोपन्न मिलिग्रॅम,” सर म्हणाले. मग खाकरले. “ही रोज भाकरी करते. पाटल्या न काढता. पीठ... नक्षीत बसतं.”

आतल्या दाराशी माझ्या आईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

“कॉलेजच्या तराजूवर घेतलंय?” अण्णांनी विचारलं.

“हो.”

“मग बरोबरच असणार,” अण्णा म्हणाले, आणि पाटल्या आपल्या तराजूत ठेवून आकडा मोठ्याने वाचला.

बांगड्या आठ दिवसांत झाल्या. त्या न्यायला सर काकींना घेऊन स्कूटरवर आले. अण्णांनी बांगड्या तोलल्या, वाचल्या, चिठ्ठी लिहिली. आलेलं वजन, गेलेलं वजन, आणि मध्ये एक नवा आकडा: घट, दीडशे मिली. वितळवताना, घडवताना जाते ती. गावातला प्रत्येक सोनार लावतो ती. सरांनी चिठ्ठी वाचली, मनात वजाबाकी केली आणि म्हणाले, “बरोबर.”

स्कूटर चौकातून वळेपर्यंत आई दारात उभी होती. मग अण्णांकडे वळली.

“आणि गुंज? गुंज नाही घातलीत वर?”

अण्णा तराजूच्या पेटीची काच पुसत होते.

“नाही,” ते म्हणाले. “जास्त घातलं की गळतं.”